संचालकाविना वाद्यवृंद

श्रोतेहो, नमस्कार.

१९२२ च्या फेब्रुवारीत मॉस्कोमध्ये एका वाद्यवृंदाने बीथोव्हेनच्या रचना सादर केल्या. त्यात नवल काही नव्हते. नवल होते ते वादकांसमोर संचालकच उभा नव्हता याचे. वादक गोलाकार बसले होते, त्यामुळे काहींची पाठ चक्क श्रोत्यांकडे होती, आणि कुठे उचलायचे, कुठे थांबायचे हे ते एकमेकांच्या नजरेवरून ठरवत. या मंडळींचे नाव ‘पेर्सिम्फान्स’. हुकूम सोडणारा कोणी नसला तरी माणसे एका लयीत चालू शकतात, हे त्यांना दाखवून द्यायचे होते. त्यासाठी तालमी मात्र फार घ्याव्या लागत, हेही सांगायला हवे.

रशियन क्रांतीच्या इतिहासात अशा गोष्टीला एरवी तळटीपेतच जागा मिळते. तिला मुख्य मजकुरात आणून बसवणारा इतिहासकार म्हणजे रिचर्ड स्टाइट्स. १९३१ मध्ये फिलाडेल्फियात जन्मलेले स्टाइट्स वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठात शिकवत, पण त्यांचा जीव रमे तो हेलसिंकीच्या ग्रंथालयात. फिनलंड झारच्या साम्राज्यात असताना रशियात छापलेल्या पुस्तकांच्या प्रती तिथे जमा होत, आणि सोव्हिएत दप्तरखाने परदेशी अभ्यासकांना सहजी उघडत नव्हते, त्या काळात हा साठा त्यांच्या मोठ्या उपयोगी पडला. २०१० मध्ये त्यांचे निधन झाले तेही हेलसिंकीतच.

१९७८ च्या पहिल्या मोठ्या ग्रंथात त्यांनी रशियन स्त्रियांच्या मुक्तिलढ्याचा १८६० ते १९३० असा सलग मागोवा घेतला. पण ज्या पुस्तकासाठी मी आज तुमच्यासमोर आलो आहे, ते १९८९ चे ‘रिव्होल्यूशनरी ड्रीम्स’. सत्ता कोणी, कधी, कशी घेतली हा प्रश्न त्यात मागे पडतो आणि दुसराच पुढे येतो: जुने जग मोडले असे ज्यांना वाटले, त्या माणसांनी दुसऱ्या दिवसापासून जगायचे कसे ठरवले? कोणी ऑक्टोबर क्रांतीवरून मुलीचे नाव ‘ओक्त्याब्रिना’ ठेवले, कोणी लेनिनचे नाव उलटे करून ‘निनेल’. अलेक्सेई गास्तेव या कवीने मजुराची हातोडी मारण्याची हालचाल सेकंदासेकंदाने मोजणारी संस्था उभारली. आज हसू येते खरे. स्टाइट्स मात्र हसण्याआधी ऐकून घेतात.

ऐकून घेतात म्हणजे भाळतात असे नव्हे. त्यांचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा विचार असा की, रशियात स्वप्ने फक्त शेतकऱ्यांनी आणि क्रांतिकारकांनीच पाहिली नाहीत, तर राज्यकर्त्यांनीही पाहिली. झार पहिल्या अलेक्झांडरच्या काळात त्याचा विश्वासू सेनानी अराकचेयेव्ह याने लष्करी वसाहती वसवल्या. तिथे शेतकरी गणवेशात नांगर धरी आणि सारा दिवस कवायतीच्या शिस्तीत चाले. माणसाला आखणीत बसवण्याची ही हौस बोल्शेविकांच्याही आधीची आहे. तरीही माझी एक तक्रार राहतेच: स्वप्नाळू माणसांवर स्टाइट्स यांची माया इतकी की १९२१-२२ च्या दुष्काळात व्होल्गाकाठी लक्षावधी माणसे मेली, हे वाचकाला स्वतःच स्मरणात ठेवावे लागते.

त्या स्वप्नांचे पुढे काय झाले? पेर्सिम्फान्स १९३२ मध्ये मोडले. गास्तेवला १९३८ मध्ये अटक झाली आणि नंतर गोळ्या घालण्यात आल्या. आठवड्याची कथा तर याहून विलक्षण आहे. यंत्रे एक दिवसही थांबू नयेत म्हणून १९२९ मध्ये सात दिवसांऐवजी पाचच दिवसांचा आठवडा आला आणि कामगारांना सुट्टीच्या दिवसानुसार रंग वाटून दिले. नवरा पिवळा आणि बायको हिरवी असली, तर दोघांची सुट्टी एका दिवशी येणे शक्यच नव्हते. यात रविवारही गेला, आणि रशियन भाषेत रविवारचे नाव ‘पुनरुत्थान’, म्हणजे येशूचे मरणातून उठणे, या अर्थाचे असल्याने धर्मविरोधकांना त्याचे दुःख नव्हते. पुढे १९३१ मध्ये सहा दिवसांचा आठवडा झाला. अखेर २६ जून १९४० च्या हुकुमाने सात दिवसांचा आठवडा परतला, लोकांना त्यांचा रविवार मिळाला, आणि त्याच हुकुमाने परवानगीवाचून नोकरी सोडणे हा गुन्हा ठरला.