पद्मिनीचा ब्रेक: आधी पॅडल, मग पाना

(दृश्य: गॅरेजमध्ये उभी असलेली प्रीमियर पद्मिनी. चारही चाकं जमिनीवर, इंजिन बंद.)

कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी. मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटची नोंदणी 29 ऑक्टोबर 2003ची. वीस वर्षांची मुदत संपली आणि 2023च्या ऑक्टोबरअखेर ती टॅक्सीच्या रांगेतून गेली. हौसेनं सांभाळलेल्या खासगी गाड्या मात्र अजून रस्त्यावर दिसतात. चारही चाकांना ड्रम ब्रेक, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्याला आतून दाबून थांबवणारे, आणि इथे दिसणाऱ्या गाडीला पायाचा जोर वाढवणारा बूस्टरही नाही. पायाचा जोर चाकापर्यंत पोचवतं ते फक्त ऑइल आणि रबर.

अशा गाडीचा ब्रेक बिघडला की पहिला सल्ला ठरलेला: ‘लायनर बदलून टाका.’ लायनर, म्हणजे ड्रमला घासणारं अस्तर, बऱ्याचदा शाबूत असतात. गेलेलं असतं ते रबर. त्यामुळे जॅक लावण्याआधी नुसतं पॅडल दाबून बघायचं.

(दृश्य: पॅडलवर पाय.)

पहिल्या दाबाला पॅडल खोल गेलं आणि लगेच दुसऱ्यांदा दाबल्यावर वर, कडक लागलं, तर शू (लायनर ज्यावर बसवलेला असतो ती कमान) आणि ड्रममधली फट वाढली आहे. ॲडजस्टमेंट करा, पैसे वाचतील. दाबत राहिलं तरी ते मऊच, पायाला दबून परत वर ढकलणारं, तर पाइपात हवा आहे.

तिसरा प्रकार सगळ्यांत फसवा. पॅडल वर लागतं, पण पाय तसाच ठेवला की हळूहळू खाली सरकतं. ऑइलची पातळी उतरत असेल तर गळती बाहेर आहे. पातळी जागच्या जागी असेल तर मास्टर सिलिंडरमधला, म्हणजे पॅडलला जोडलेल्या मुख्य सिलिंडरमधला, रबरी कप गेलाय. ऑइल त्याला वळसा घालून मागे जातं. ही परीक्षा अर्धा मिनिट, आणि हलक्या पायानं करायची. जोरात दाबलं की कपाची कड सिलिंडरला घट्ट बसते आणि झिजलेला कपही पास होतो. सिग्नलला हलका पाय ठेवून उभं असताना पॅडल बसतं, पण गॅरेजात दाखवायला गेलं की सगळं ठीक, असं होतं ते यामुळेच.

आता गळती शोधू. गाडी सपाट जागी, विरुद्ध बाजूच्या चाकांना ओट (अडवणारा ठोकळा), आणि जॅकवर विसंबून न राहता खाली घोडी (लोखंडी स्टँड).

(दृश्य: ड्रम काढलेलं मागचं चाक, जवळून.)

ड्रममधली धूळ हवेच्या पाइपानं उडवू नका. जुन्या लायनरमध्ये फुप्फुसांना घातक ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्यानं पुसा. मग व्हील सिलिंडरच्या (चाकातल्या, शू ढकलणाऱ्या छोट्या सिलिंडरच्या) टोकाचं रबरी बूट बारीक स्क्रूड्रायव्हरनं किंचित उचला. आत ओल दिसली तर सिलिंडर गळतोय, ड्रमपर्यंत थेंब आला नसला तरी. मागच्या चाकाला ओल दिसली तर ती बोटावर घेऊन बघा. पातळ आणि रंग खाणारं असेल तर ते ब्रेक ऑइल. दाट, चिकट, गंधकासारख्या उग्र वासाचं असेल तर ॲक्सलचं ऑइल. तिथे ऑइल सील बदलायचं, ब्रेकचं किट (सिलिंडरच्या रबरांचा संच) बदलून काही उपयोग नाही. ऑइल प्यायलेला लायनर मात्र दोन्ही बाबतींत बाद, आणि बदलायचा तो एका ॲक्सलच्या दोन्ही चाकांना.

नवं रबर टाकण्याआधी सिलिंडरच्या आतून बोट फिरवा. गंजाचे खड्डे लागले तर किट टाकून महिन्याभरात पुन्हा गळेल. अख्खा सिलिंडर बदला. आणि हे भाग पेट्रोल किंवा रॉकेलनं धुवायचे नाहीत. त्यानं रबर फुगतं. नवं ब्रेक ऑइल किंवा स्पिरिट वापरा. ऑइलच्या भांड्यात चुकून इंजिन ऑइल ओतलं गेलं असेल तर एकही रबर वाचत नाही: मास्टर, चारही चाकांचे सिलिंडर, होज (चाकाकडे जाणारा लवचिक रबरी पाइप), सगळ्यांचं रबर नवं.

(दृश्य: पुढचं चाक हातानं फिरवताना. फिरत नाही.)

ब्रेक सोडल्यावरही चाक धरून बसलंय. शू जास्त घट्ट केलेला नाही, पिस्टन गंजून अडकलेला नाही, एवढं आधी बघा. मग ब्लीडिंग निप्पल (चाकामागची, हवा आणि ऑइल बाहेर काढायची छोटी तोटी) सैल करा. ऑइल उडालं आणि चाक मोकळं झालं, तर दाब आत कोंडलेला होता. कुठे, ते शोधायला ब्रेक पुन्हा दाबून सोडा आणि या वेळी होजच्या अलीकडचा लोखंडी पाइपाचा जोड सैल करा. चाक तरीही जाम राहिलं, तर होज आतून सुजलाय. पायाच्या जोरानं ऑइल पुढे जातं, शूच्या स्प्रिंगच्या जोरानं मागे येत नाही. बाहेरून होज नव्यासारखा दिसू शकतो, दिसण्यावर जाऊ नका.

चारही चाकं एकदम धरत असतील तर होजला दोष देऊ नका. पॅडलला सुरुवातीचा मोकळा खेळ आहे का बघा. खेळ नसेल तर मास्टर सिलिंडरमधलं ऑइल परतण्याचं बारीक छिद्र झाकलेलं राहतं, गरम झालेलं ऑइल फुगतं आणि ब्रेक आपोआप लागत जातो. गाडी थंड झाली की दोष गायब!

ब्रेक लावल्यावर गाडी डावीकडे ओढत असेल तर संशय आधी उजव्या चाकावर घ्या; डावं आपलं काम करतंय. ड्रममध्ये अपवाद एवढाच, की थोडंसं ऑइल लागलेला लायनर कधीकधी उलट जास्त पकडतो. पाच-सहा वेळा ब्रेक लावून गाडी चालवून आणा आणि प्रत्येक चाकाजवळ हात न्या, ड्रमला लावू नका. एकच चाक तापलं असेल तर ते धरतंय. एकच थंड असेल तर ते कामच करत नाही.

ऑइलबद्दल. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. डॉट 3 या प्रतीच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान 205 अंश सेल्सिअस, सुमारे 3.7 टक्के पाणी शिरल्यावर 140. घाट उतरताना ड्रम तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि पॅडल तळाला जातं. कोकणातल्या दमट हवेत दोन वर्षांनी बदलणं म्हणजे चैन नव्हे.

(दृश्य: निप्पलला पारदर्शक नळी, तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये.)

हवा काढताना सगळ्यांत लांबच्या चाकापासून सुरुवात: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. निप्पल उघडायला रिंग पाना. साध्या पान्यानं कडा झिजतात. एकानं पॅडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं निप्पल उघडून बंद करायचं, आणि बंद झाल्याशिवाय पाय सोडायचा नाही. भांडं अर्ध्याखाली उतरू देऊ नका. पॅडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. जुन्या मास्टर सिलिंडरचा पुढचा, कधी न वापरलेला भाग गंजलेला असतो. पॅडल थेट तळाला दाबलं की कप त्या गंजावर फाटतो. गाडी आली ती मऊ पॅडल घेऊन आणि हवा काढल्यावर ब्रेकच गेला, अशी तक्रार येते तिच्यामागे बहुतेक वेळा हेच असतं.

नळीतून बुडबुडे थांबले, पॅडल वर आलं, की रिकाम्या सपाट रस्त्यावर आधी वीसच्या वेगानं तपासणी. परत आल्यावर चारही चाकांच्या आतली बाजू पुसून कोरडी करा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ओल आणि ऑइलची पातळी पुन्हा बघा.