कॉफीचं पाकीट उलटं करून बघा

(नाशिकमधील एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नाशिकमध्ये कॉफीवर व्याख्यान द्यायचं म्हणजे जरा धाडसच. इथली सकाळ चहाची, मिसळीनंतरही चहाच. पण समोर निफाड-दिंडोरीकडची बरीच द्राक्षवाली मंडळी दिसतायत, त्यामुळे माझं काम सोपं झालंय. कॉफी हेही फळच आहे. झाडावर पिकून लाल होतं, गर अगदी पातळ, आणि आपण भाजतो ती त्याच्या आतली बी. आता मला सांगा, नुसतं ‘भारतीय द्राक्ष’ एवढं ऐकून तुमच्यापैकी कोणी भाव ठरवेल का? थॉमसन की सोनाका, प्लॉट कुणाचा, छाटणी कधीची, साखर किती उतरलीय, हे विचारल्याशिवाय तुम्ही पेटीला हात लावत नाही. तीच माणसं दुकानात जातात, पाकिटावर ‘इम्पोर्टेड’ वाचतात आणि हजार रुपये काढून देतात.

म्हणून आधीच सांगून टाकतो. चांगली कॉफी निवडताना देशाचं नाव सगळ्यात शेवटी बघा. पुढच्या बाजूला देश असतो, झेंडा असतो, कधी उंटही असतो. कामाची माहिती मागे असते.

इथिओपियाचंच घ्या. अरेबिका, म्हणजे कॉफीच्या दोन मुख्य प्रकारांपैकी एक, मूळची तिथल्या डोंगराळ जंगलांतली. पुढे लाल समुद्रापलीकडे येमेनमध्ये तिची लागवड झाली, आणि तिथूनच सूफी संत बाबा बुदान यांनी सात बिया कर्नाटकातल्या चंद्रगिरीच्या डोंगरात आणल्या अशी आख्यायिका आपल्याकडे सांगतात. पण ‘इथिओपिया’ या एका शब्दावरून चव कळत नाही. यिर्गाचेफेची धुतलेली कॉफी चमेली आणि लिंबाच्या सालीच्या अंगाने जाते. गुजीची फळासकट वाळवलेली कॉफी प्यायलात तर कोणी स्ट्रॉबेरीचा इसेन्स टाकला की काय, असं वाटेल. देश एकच. फरक पडतो तो मुख्यतः प्रक्रियेने.

या प्रक्रियेवर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण जिभेला सगळ्यात आधी तीच कळते. वॉश्ड पद्धतीत फळ तोडल्यावर साल काढतात, बीला चिकटलेला बुळबुळीत थर टाकीत आंबवून सोडवतात, बिया धुतात आणि मग वाळवतात. चव स्वच्छ येते, आंबटपणा नीट उठून दिसतो. नॅचरलमध्ये अख्खं फळच उन्हात पसरतात, दोन-तीन आठवडे सतत परतत राहतात. पिंपळगावकडचं बेदाण्याचं शेड बघितलेल्यांना हे वेगळं समजावायला नको. घाई केली, थर जाड ठेवला, पाऊस लागला, तर माल बिघडलाच. नॅचरल कॉफी चांगली असली तर अफाट असते. वाईट असली तर आंबूस, दारूसारखी लागते, आणि विकणारा तिलाच ‘फंकी’ म्हणून खपवतो. हनी म्हणजे या दोहोंच्या मधलं: साल काढायची, चिकट थर थोडाफार ठेवायचा. त्यात मधाचा थेंबही नसतो. सुमात्रात आणखी निराळी तऱ्हा. तिथे बी ओली असतानाच तिच्यावरचं टरफल काढतात, म्हणून ती कॉफी जड आणि मातकट लागते. ज्याला ती आवडते त्याला दुसरी कुठली चालत नाही.

आणि आपलं मॉन्सून्ड मलबार. पूर्वी शिडाच्या जहाजातून कॉफी युरोपला जायची तेव्हा महिनोन् महिने समुद्राच्या दमट हवेत पडून बिया फुगायच्या, फिक्या पडायच्या. गिऱ्हाइकाला तीच चव आवडायला लागली. पुढे प्रवास झपाट्याने व्हायला लागला आणि ती चव गेली. मग पश्चिम किनाऱ्यावर उघड्या बाजूंच्या गोदामांत, जून ते सप्टेंबरच्या वाऱ्यात बिया पसरून तोच परिणाम मुद्दाम घडवायला सुरुवात झाली. आंबटपणा जवळजवळ जातो, कॉफी तोंडात दाट, भरदार लागते. दुधात घालून प्यायची असेल तर मला ही महागड्या परदेशी कॉफीपेक्षा कितीतरी बरी वाटते.

आता अक्षरांचा घोळ. केनिया डबल ए म्हटलं की लोकांना वाटतं, पहिल्या नंबरचा माल. ते अक्षर फक्त बीचा आकार सांगतं, सात मिलिमीटरच्या आसपासची मोठी बी. कोलंबियाचं सुप्रीमोही आकारावरच. द्राक्षाचा मणी अठरा मिलिमीटरचा झाला म्हणून तो गोड असतोच असं नाही, हे तुम्ही मला शिकवाल. ग्वाटेमालात एसएचबी (स्ट्रिक्टली हार्ड बीन) लिहिलं असेल तर ते उंचीबद्दल असतं: साधारण १३५० मीटरच्या वरची लागवड, जिथे थंडीमुळे फळ सावकाश पिकतं आणि बी टणक होते. म्हणजे प्रत्येक देशाची अक्षरं वेगळीच गोष्ट मोजतात. आपल्याकडे प्लँटेशन म्हणजे धुतलेली अरेबिका, चेरी म्हणजे फळासकट वाळवलेली आणि पार्चमेंट म्हणजे धुतलेली रोबस्टा, कॉफीचा दुसरा मुख्य प्रकार. व्यापाऱ्याच्या यादीत हे तीन शब्द ओळखता आले की अर्धी लढाई जिंकली.

वरच्या दर्जाच्या कॉफीला स्पेशल्टी म्हणतात. हा शब्द एर्ना क्नुटसेन या कॉफी व्यापारातल्या बाईंनी १९७४ साली एका व्यापारी मासिकात वापरला. पुढे त्याला मोजमाप आलं. कच्च्या बियांचा ३५० ग्रॅमचा नमुना घेऊन दोष मोजतात, मग चव घेऊन शंभरपैकी गुण देतात. ८० किंवा जास्त मिळाले तर स्पेशल्टी. मात्र पाकिटावर ८७ लिहिलेलं असतं तेव्हा ते गुण कुणी दिले हे सहसा लिहिलेलं नसतं. मी त्या आकड्याकडे बघत नाही.

मग बघायचं काय? बागेचं किंवा निदान भागाचं नाव, जात, प्रक्रिया, हंगामाचं वर्ष आणि भाजल्याची तारीख. यातलं एकच मिळणार असेल तर भाजल्याची तारीख मागा. ‘बेस्ट बिफोर’ वाचून काही उपयोग नाही, ती वर्षभर पुढची असते. भाजल्यावर बीमधून कार्बन डायऑक्साइड निघत राहतो, म्हणून पाकिटाला ती छोटी झडप असते. पहिल्या आठवड्यात चव बसलेली नसते, त्यानंतर महिना-दीड महिना उत्तम. तीन महिन्यांपूर्वी भाजलेली पनामाची गेशा ही नावाजलेली जात आणि दहा दिवसांपूर्वी भाजलेली चिकमगळूरची साधी बागायती कॉफी समोर ठेवलीत, तर मी दुसरी उचलेन.

गेशाचं नाव निघालंच आहे म्हणून. २००४ मध्ये पनामाच्या एस्मेराल्दा मळ्याने ही जात स्पर्धेत उतरवली आणि जग वेडं झालं. जात मूळची इथिओपियाचीच. कॉफी खरोखर सुंदर आहे, पण सुरुवात तिच्यापासून करू नका, जिभेला तुलनेला काही नसेल तर पैसे वाया. आणि ती उदमांजराच्या विष्ठेतली कॉफी कृपा करून घेऊ नका. त्यातली पुष्कळशी पिंजऱ्यात कोंडलेल्या जनावरांकडून येते आणि चवीत सांगण्यासारखं काही नाही.

आपल्याकडे परदेशी कॉफीवर आयातशुल्क जबर आहे. त्यामुळे त्याच पैशात भारतीय बी वरच्या दर्जाची मिळते. कर्नाटकातली अरेबिका साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी तोडतात. वाळवणं, टरफल काढणं, प्रतवारी होऊन उन्हाळ्यात नवा माल बाजारात येतो. बाळेहोन्नूरच्या संशोधन केंद्रातून आलेली एस ७९५, नंतरची चंद्रगिरी, या जाती पाकिटावर दिसल्या तर बिचकू नका. आंध्रातल्या अराकूच्या आदिवासी शेतकऱ्यांचा मालही मागून बघा. वायनाडच्या रोबस्टाला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. रोबस्टा म्हणजे हलकी, हा समज आता सोडायला हवा. तिच्यात कॅफिन मात्र अरेबिकाच्या जवळपास दुप्पट, तेव्हा रात्री जपून.

पाकीट घरी आणलं की मूठभर बिया स्टीलच्या ताटलीत पसरा. सगळ्यांचा रंग सारखा हवा. मधेच भुईमुगाच्या दाण्यासारख्या फिक्या बिया दिसल्या तर त्या कच्च्या तोडलेल्या फळांच्या. एक चावून बघा, कागदासारखी लागेल. एखाददुसरी चालते, ताटलीभर विखुरलेल्या दिसल्या तर तोडणी निष्काळजी होती. बिया तेलाने चकाकत असतील तर फार काळी भाजणी केलीय किंवा माल जुना आहे.

मग दोन कॉफ्या शेजारी शेजारी ठेवा. दोन कप, प्रत्येकात अकरा ग्रॅम जाडसर दळलेली कॉफी आणि उकळी येऊन मिनिटभर थांबलेलं दोनशे मिली पाणी. चार मिनिटं हात लावू नका. वर साय धरते. चमच्याच्या पाठीने ती मोडताना नाक खाली न्या, त्या क्षणी जो वास येतो तो पुन्हा येत नाही. फेस काढून टाका, दहा मिनिटांनी चमच्याने जोरात भुरका मारा. घरचे हसतील, हसू द्या. गरम असताना सगळ्याच कॉफ्या बऱ्या लागतात, कोमट झाल्या की कुठली काय लपवत होती ते कळतं.

(श्रोत्यांतून प्रश्न : चिकोरी घातलेली फिल्टर कॉफी वाईट का?)

अजिबात नाही, मी स्वतः पितो. चिकोरी म्हणजे एका झाडाचं भाजून दळलेलं मूळ. पाकिटावर टक्केवारी छापलेली असते, ती वाचा. त्या मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असावी लागते. मात्र चिकोरी घालून प्यायची असेल तर महागडी बी विकत घेऊ नका, तिचा वास चिकोरीखाली बुडतो.

(प्रश्न : पाकीट फ्रिजमध्ये ठेवायचं का?)

फ्रिजमध्ये नको. मेथी आणि कांद्याचा वास घेऊन बाहेर येईल, शिवाय दर वेळी उघडताना ओल धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात, गॅसपासून लांब, अंधारात ठेवा. जास्त आणलीच असेल तर आठवड्याची एक अशा लहान हवाबंद पुड्या करून फ्रीझरमध्ये टाका आणि एक पुडी बाहेर काढली की ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत फोडू नका. आणि दुकानात दळून आणू नका. दळलेल्या कॉफीचा वास दोन दिवसांत अर्धा राहतो, मग आपण इतका वेळ जे बोललो त्यातलं काहीच कपात येणार नाही. हाताने फिरवायची बऱ्यापैकी चक्की दोन-तीन हजारांत मिळते.