एका झाडाची सात झाडं

लेझरनं जंगलातलं एकेक झाड वेगळं ओळखता येतं का, आणि येत असेल तर कुठवर, हे आज सांगायचं मी कबूल केलंय. पण त्याआधी एक अनुभव सांगतो, कारण माझा सगळा मुद्दा त्यातच आहे.

आमच्या जंगलाच्या एका पट्ट्यावरून विमानानं लेझर फिरवून झाला होता. संगणकानं झाडांची संख्या काढली. आम्ही तिघं टेप आणि नकाशा घेऊन तिथं गेलो, बुंधा न् बुंधा मोजला. दोन्ही आकडे जवळजवळ जुळले. सगळे खूश, मीही खूश. तेवढ्यात बरोबरची सहकारी म्हणाली, “सर, नकाशावर इथं सात झाडं आहेत. मला एकच दिसतंय.” खरंच एकच होतं. प्रचंड बुंधा, दोघांच्या कवेत मावेना. वर सात जाड फांद्या सात दिशांना गेलेल्या आणि प्रत्येकीनं आपापला पालवीचा उंचवटा केलेला. संगणकाला वरून सात उंचवटे दिसले, त्यानं सात झाडं लिहिली. आणि त्याच झाडाच्या सावलीत आमच्या खांद्यांना घासत मनगटाएवढ्या खोडांची पोरसवदा झाडं उभी होती. त्यातलं एकही नकाशावर नव्हतं. वर सहा झाडं फुकटची वाढली होती, खाली जवळपास तेवढीच गळाली होती. म्हणून बेरीज जुळली!

हे मी अहवालात लिहून दिलं. ज्यांच्यासाठी काम केलं त्यांचं उत्तर आलं : बेरीज जुळतेय ना, मग हा परिच्छेद कशाला? परिच्छेद गेला. मला त्याची आजही चीड येते. एका जाड खोडात जेवढं लाकूड असतं तेवढं सात मध्यम झाडांत मिळून असेलच असं नाही. जंगलात किती कार्बन साठलाय याचा सगळा हिशेब तर त्या लाकडावर चालतो. आणि जी पोरसवदा झाडं गळाली, म्हातारी झाडं पडल्यावर त्यांचंच जंगल होणार असतं.

हे घडतं कसं ते बघा. लेझरचा झोत खाली जातो, आपटून परत येतो. जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर कळतं. जाऊन-येऊन एक नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग, लागला तर अंतर साधारण १५ सेंटिमीटर. एकाच झोताचा काही भाग शेंड्यावरून परततो, काही मधल्या फांदीवरून, काही फटीतून जमिनीपर्यंत पोचून. त्यातून बिंदूंचा ढग तयार होतो. पृष्ठभागाच्या उंचीतून जमिनीची उंची वजा केली की झाडांच्या मांडवाची उंची मिळते. आता हा मांडव उलटा करा. झाडाच्या प्रत्येक छत्रीची वाटी होते. वाट्यांत पाणी भरत न्या. दोन वाट्यांचं पाणी जिथं भेटतं तिथं झाडाची हद्द. शेतावरचं पाणलोट क्षेत्र आखतात, तेच तत्त्व. सूचिपर्णी झाडं टोकदार, त्यांची वाटी खोल आणि एकच, तिथं हे छान चालतं. रुंदपर्णी दाट जंगलात मात्र एका झाडाच्या चार वाट्या होतात आणि चार झाडांची एक.

उंचीच्या बाबतीत या यंत्राला मी मनापासून मानतो. मलेशियातल्या सबा राज्यात, डॅनम खोऱ्यात, २०१८ साली विमानातल्या लेझरनं एक अतिउंच झाड हेरलं. जानेवारी २०१९मध्ये वृक्षारोहक उंडिंग जामी त्यावर चढले आणि वरून टेप सोडली : १००.८ मीटर. लेझरनं झाड दाखवलं, पण उंचीवर शिक्कामोर्तब टेपनं केलं. हा क्रम मला फार आवडतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं उरलीत. कबूल केलेलं आता भराभर सांगतो. जमिनीवर तिपाईवर ठेवायचा स्कॅनर खोडं बघतो, १.३ मीटर उंचीवर ढगाचा आडवा काप घेतला की प्रत्येक खोडाचं वर्तुळ दिसतं. एका जागेवरून मात्र पुढच्या खोडाआड मागचं लपतं, म्हणून चारपाच जागांवरून स्कॅन करावं लागतं. वारा असेल तर फांद्या हलतात आणि त्यांची चित्रं पुसट होतात. दाट रुंदपर्णी जंगलात वर विमान, खाली तिपाई, ही जोडी जमवली तरच एकेक झाड हाती लागतं. तिपाई सगळं जंगल फिरू शकत नाही, म्हणून नमुन्याचे तुकडे निवडायचे.

आणि मागणी एकच. आकडा देताना दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहा : किती झाडं सुटली आणि किती नसलेली मोजली. यंत्राच्या आणि जागेवरच्या झाडांच्या एकास एक जोड्या लावल्याशिवाय हे लिहिता येत नाही. ते काम कंटाळवाणं आहे आणि पैसे त्यासाठीच मागायला हवेत.

त्या सात फांद्यांच्या झाडाचा बिंदूंचा ढग माझ्या लॅपटॉपवर आहे. तो फिरवून बघायचा असेल त्यांनी चहाच्या वेळी या.