गणपतीला गावच्या बंद घरात दहा माणसं मुक्कामाला: आधीच्या दोन दिवसांची तयारी

नमस्कार मंडळी. वर्षभर कुलूप लावलेलं कोकणातलं घर, बाहेर भाद्रपदाचा पाऊस आणि गणपतीला दहा माणसं मुक्कामाला. मखर, मोदकांचं पीठ, आरत्यांची पुस्तकं, सगळ्याची यादी तयार असते. ही माणसं रात्री झोपणार कशावर आणि पिणार कुठलं पाणी, हे मात्र शेवटच्या संध्याकाळी आठवतं. म्हणून घरातल्या कुणीतरी दोन दिवस आधी पोचायलाच हवं.

कुलूप उघडलं की लगेच झाडू हातात घेऊ नका. आधी खिडक्या उघडा, घराला अर्धा तास वारं लागू द्या. कोपऱ्यात उंदरांच्या लेंड्या असणारच. त्या सुक्या झाडल्या की धूळ थेट नाकात जाते. फिनेलचं पाणी शिंपडा, दहा मिनिटं थांबा, मग ओल्या फडक्याने पुसा. हातात रबरी मोजे आणि पायात चप्पल हवीच, कारण उंदराच्या लघवीतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) होतो आणि पायाची भेग त्याला पुरते.

मेन स्विच चालू करण्याआधी वायर कुठे कुरतडली आहे का ते बघा. मग मेन स्विच चालू करून बोर्डातल्या आरसीसीबीचं, म्हणजे वीज गळली की ती तोडणाऱ्या स्विचचं, टेस्टचं बटण दाबा. (कॅमेरा: बोर्ड जवळून. बटण दाबल्यावर खटका पडतो.) वीज असताना बटण दाबूनही खटका पडला नाही, तर त्या घरात ओल्या हाताने गिझरला हात लावू नका. आधी वायरमन बोलवा.

आता पाणी. पावसात विहीर काठोकाठ भरते, पण वरून वाहून आलेली घाणही तिच्यातच उतरते. त्यासाठी टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर. प्रमाण हजार लिटरला अडीच ग्रॅम. विहिरीतलं पाणी मोजायचं असं: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, आणि त्याला 785 ने गुणा. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर सुमारे 28 हजार लिटर. म्हणजे पावडर 70 ग्रॅम.

पावडर तशीच विहिरीत फेकू नका. बादलीत आधी थोड्या पाण्यात कालवा, मग पाणी वाढवा आणि दहा मिनिटं निवळू द्या. (कॅमेरा: बादली जवळून, तळाला चुना, वर नितळ पाणी.) वरचं नितळ पाणी तेवढं विहिरीत सोडायचं आणि पोहऱ्याने ढवळायचं. तळाचा चुना टाकून द्या. त्यानंतर किमान तासभर पाणी काढू नका. संध्याकाळचं पाणी भरून झाल्यावर हे काम केलं तर सकाळपर्यंत कुणाचं अडत नाही. गेल्या वर्षीची उघडी पिशवी वापरू नका, तिच्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो. लहान मुलांसाठी तरीही पाणी उकळाच.

दहा जणांच्या नुसत्या अंघोळीला दोनशे लिटर लागतं. संडास, भांडी धरली तर पाचशेची टाकी दुपारपर्यंत संपते, आणि वीज गेली की पंपही बंद. रात्री पिंप, हंडे, कळश्या भरून ठेवा. बरेच दिवस न वापरलेल्या संडासाला वास येतो, कारण भांड्याच्या वळणात साठलेलं पाणी आटतं आणि मैल्याच्या टाकीतली हवा वर येते. दोन बादल्या पाणी ओता, बास. ॲसिड ओतू नका, मैला कुजवणारे जंतू त्याने मरतात.

आता अंथरुणं. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. (कॅमेरा: गादीचा कोपरा जवळून.) गादीच्या शिवणीपाशी बोटं दाबून धरा. कापूस थंडगार लागला तर गादी दमट आहे, वरची खोळ कितीही कोरडी असो. दोन खुर्च्यांवर आडवी टाकून पंख्याखाली दिवसभर ठेवा, दर दोन-तीन तासांनी उलटा. घटकाभर ऊन पडलं तरी बाहेर काढा. काळे ठिपके पडलेली गादी पाहुण्याला देऊ नका. ती बुरशी असते आणि दम्याचा माणूस तिच्यावर रात्रभर खोकतो. पावसात जमिनीला ओल सुटते, म्हणून खाली ताडपत्री, वर चटई आणि तिच्यावर गादी. सकाळी अंथरूण उचलायचंच, नाहीतर खालून पुन्हा दमट होतं.

प्रत्येक गोधडी, प्रत्येक उशी अंगणात नेऊन झटका. घडीत विंचू बसतो. जमिनीवर झोपणाऱ्याला मच्छरदाणी हवीच आणि तिच्या कडा चारही बाजूंनी गादीखाली खोचलेल्या हव्यात. हे नुसत्या डासांसाठी नाही. मण्यार रात्री फिरते आणि झोपेत चावली तर फारसं दुखत नाही, सूजही येत नाही, त्यामुळे कळत नाही. पहाटे कुणाच्या पोटात दुखायला लागलं, पापण्या जड झाल्या, तर ओवा-सोडा देत बसू नका. 108 ला फोन करा. सापाच्या विषावरचं इंजेक्शन जवळच्या कुठल्या रुग्णालयात आहे हे आधीच विचारून नंबर भिंतीवर लिहा.

गुडघे धरलेल्या आजी-आजोबांना खाट द्या, बसल्यावर पाय जमिनीला टेकतील एवढ्याच उंचीची, संडासाच्या वाटेजवळ. उशाशी टॉर्च, पाण्याचा तांब्या.

आणि पाहुणे आले की चहाच्या आधी त्यांना संडासाच्या दिव्याचं बटण दाखवा.