समन्स दिलं म्हणे, पण कोणाला?

एटीएममधून पैसे निघत नाहीत, बँकेत विचारलं तर म्हणतात खातं गोठवलंय, का तर तुमच्यावर दावा होता आणि तुम्ही तारखेला आलाच नाहीत म्हणून एकतर्फी निकाल लागला. अहो पण कागदच आला नाही ना घरी! फाइल बघा, त्यात एक प्रतिज्ञापत्र लावलेलं असतं, 'समन्स प्रतिवादीच्या हातात दिलं', खाली तारीख, वेळ, सही. कोर्टासाठी विषय तिथंच संपला.

न्यूयॉर्कमध्ये याला नावच पडलंय, 'स्यूअर सर्व्हिस' (इंग्रजीत स्यूअर म्हणजे गटार), म्हणजे कागद गटारात फेकायचा आणि दिला म्हणून शपथेवर लिहून द्यायचं. तिथं हे काम खासगी माणसं करतात, कागदामागे किरकोळ पैसे मिळतात, मग कोण परत परत जिने चढणार? २००९ साली राज्याच्या अॅटर्नी जनरलने, म्हणजे सरकारच्या मुख्य वकिलाने, चौकशी केली तर एकच माणूस एकाच वेळी दोन-दोन ठिकाणी समन्स देत होता, निदान कागदावर तरी. १ लाखाहून जास्त निकाल रद्द करा अशी मागणी त्यांनी कोर्टात केली, आणि २०१० मध्ये शहराने समन्स देणाऱ्यांना जीपीएसची नोंद सक्तीची केली. बरं झालं, पण जीपीएसवरून माणूस बिल्डिंगखाली होता एवढंच कळतं, बेल वाजवली का ते नाही.

मग मोबाईलवरच पाठवा की! २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेराच्या कोर्टाने फेसबुकवरून कागद पाठवायची परवानगी दिली होती, आपल्याकडे २०२० मध्ये कोविडच्या काळात सुप्रीम कोर्टाने ईमेलच्या जोडीला व्हॉट्सअॅपही चालेल म्हटलं. आता नंबर बदललेला असला, ब्लू टिक बंद असली, फोन पोराच्या हातात असला तर? तिथंही शेवटी पाठवणाऱ्याच्याच शब्दावर विश्वास.

मला पटला तो उपाय अगदी साधा आहे. २००८ पासून न्यूयॉर्क शहराच्या दिवाणी कोर्टात उधारीच्या दाव्यांसाठी वादीने दाव्याची सूचना असलेलं एक जास्तीचं पाकीट द्यायचं, तिकीट लावून, प्रतिवादीचा पत्ता घालून, आणि ते पोस्टात टाकायचं कोर्टाच्या क्लार्कने. पाठवणाऱ्याच्या जागी पत्ता कोर्टाचा. म्हणजे माणूस तिथं राहतच नसेल तर पाकीट फिरून थेट क्लार्कच्याच टेबलावर येतं, आणि ते आलं की एकतर्फी निकाल सहसा अडतो.