उठता येईल अशी संध्याकाळ

नमस्कार. पोकर, कॅसिनो आणि रात्रीची मौज हा विषय निघाला की बोलणारे चटकन दोन गटांत वाटले जातात. एकाला त्यात सर्वनाश दिसतो, दुसऱ्याला झगमगाट. मला या गोष्टींची मनापासून आवड आहे आणि गणिताचीही आहे, म्हणून मी दोन्ही गटांना सोडून थेट टेबलापाशी जातो. कायद्यानं परवानगी आहे अशा ठिकाणी सज्ञान माणसानं घालवलेल्या संध्याकाळीबद्दल मी बोलतोय, हे गृहीत धरा.

सुरुवात रूलेटपासून करू, म्हणजे फिरत्या चाकावर चेंडू कुठल्या आकड्यावर थांबेल यावर पैसे लावायच्या खेळापासून, कारण कॅसिनोचा सगळा व्यवहार तिथे उघड्यावर मांडलेला असतो. एक शून्य असलेल्या चाकावर ३७ घरं असतात, ० आणि १ ते ३६. एका आकड्यावर एक चिप, म्हणजे पैशांऐवजी वापरायची चकती, लावली आणि चेंडू तिथेच पडला, तर ३५ चिप्स मिळतात आणि लावलेली चिप परत येते. म्हणजे हातात ३६. आता सगळ्या ३७ घरांवर एकेक चिप ठेवून पाहा. चेंडू कुठेही पडो, तुमचा आकडा लागणारच. आणि तरीही ३७ ठेवून तुम्ही ३६ उचलणार. ती जी एक चिप कमी झाली, तेच कॅसिनोचं उत्पन्न. टक्केवारीत २.७०. दोन शून्यं असलेल्या चाकावर घरं ३८ होतात, बक्षीस मात्र तेवढंच राहतं, आणि हा वाटा ५.२६ टक्क्यांवर जातो. आत शिरल्यावर आधी चाकावर शून्यं किती आहेत ते मोजा. शून्य सोडून बाकीची निम्मी घरं लाल असतात, निम्मी काळी, आणि नुसत्या रंगावरही पैज लावता येते. काही टेबलांवर असाही नियम असतो की लाल-काळ्यावर पैसे लावले आणि शून्य आलं, तर निम्मी रक्कम परत मिळते. असं टेबल सापडलं तर तिथेच बसावं, कारण त्या पैजांवर कॅसिनोचा वाटा १.३५ टक्क्यांवर येतो.

यात लपवाछपवी काहीच नाही. नाटकाचं तिकीट काढताना ते पैसे परत येतील अशी आपली अपेक्षा नसते. इथेही तसंच आहे, फक्त तिकिटाचे पैसे एकदम न घेता चिमूटभर चिमूटभर घेतले जातात, आणि ते किती झाले हे बाहेर पडेपर्यंत कळत नाही. म्हणून ते आधी काढायला शिकलं पाहिजे.

हिशेब सोपा आहे. दर वेळी लावलेली रक्कम, गुणिले तासात किती वेळा लावली, गुणिले कॅसिनोचा टक्का. लोक शेवटच्या आकड्याकडे बघतात. मला मधला आकडा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. भरलेल्या रूलेट टेबलावर तासाला साधारण ४० वेळा चाक फिरतं. लोक चिप्स मांडतात, डीलर, म्हणजे टेबल चालवणारा कर्मचारी, हात फिरवून ‘आता बास’ म्हणतो, चेंडू घरंगळतो, हरलेल्या चिप्स ओढल्या जातात, जिंकलेल्यांना मोजून दिल्या जातात. या सगळ्याला वेळ लागतो, आणि तो वेळ तुमच्या बाजूनं काम करतो. दर वेळी एक चिप लावली तर तासाची सरासरी किंमत एका चिपेच्या थोडी वर. आता स्लॉट मशीन घ्या. बटण दाबा, चित्रं फिरली, थांबली, पुन्हा बटण. तासाला ६०० वेळा सहज होतं. मशीनचा वाटा ८ टक्के धरला तर दर वेळी एक चिप लावून तासाला ४८ चिप्स गेल्या. मशीनवर लावायची रक्कम लहान असते हे खरं, पण ती लहान असते म्हणूनच बोट थांबत नाही.

बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञानं दाखवून दिलं होतं की बक्षीस नेमकं कधी मिळेल हे ठाऊक नसलं की प्राणी तीच कृती सर्वांत चिकाटीनं करत राहतो. स्लॉट मशीन म्हणजे त्याच तत्त्वाचा चोख वापर. मी मशीनपाशी बसायला कुणालाच सुचवत नाही. तिथे सोबत नाही, बोलणं नाही, विचार करायला काही नाही. विरंगुळा म्हणून ते मला फार गरीब वाटतं.

आणि फुकट मिळणारी पेयं, खोल्या, जेवणं? तीही याच गुणाकारातून येतात. तुमची सरासरी पैज, वेग, बसलेले तास आणि टक्का यांवरून कॅसिनो तुमचं अपेक्षित नुकसान काढतं आणि त्यातला काही भाग पाहुणचार म्हणून परत देतं. पाहुणचार आनंदानं घ्यावा, पण तो मिळावा म्हणून एक तास जास्त बसू नये.

आता त्या जुन्या भ्रमाकडे येऊ. १८ ऑगस्ट १९१३ रोजी मॉन्टे कार्लोच्या एका टेबलावर चेंडू सलग २६ वेळा काळ्यावर पडला. पंधराव्या-सोळाव्या खेपेपासून लोक लालवर पैसे ओतू लागले, कारण आता लाल यायलाच हवा असं प्रत्येकाला वाटत होतं. चाकाला मागचं काही आठवत नाही. सत्ताविसाव्या खेपेला लाल येण्याची शक्यता पहिल्या खेपेइतकीच असते. याच भ्रमाचं दुसरं रूप म्हणजे हरलं की दुप्पट लावायचं. एका चिपेनं सुरू केलं आणि सलग दहा वेळा हरलात, तर १०२३ चिप्स गेलेल्या असतात आणि अकराव्या वेळी १०२४ लावायच्या असतात, कशासाठी, तर एक चिप जिंकण्यासाठी. सलग दहा वेळा हरणं दुर्मीळ आहे, साधारण आठशे प्रयत्नांत एकदा. पण त्या एका वेळेला आधीच्या सगळ्या छोट्या जिती गिळायला पुरेसं बळ असतं. शिवाय टेबलाला कमाल मर्यादा असतेच.

ब्लॅकजॅकबद्दल थोडक्यात. पानांची बेरीज २१ च्या पुढे न जाऊ देता डीलरपेक्षा जास्त करायची, असा हा खेळ. नियम चांगले असतील आणि कुठल्या पानांवर काय करायचं याचा मूळ तक्ता पाठ असेल, तर कॅसिनोचा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास राहतो. मात्र टेबलावर काय छापलंय ते वाचा. ब्लॅकजॅक लागल्यावर, म्हणजे पहिल्या दोन पानांतच २१ झाल्यावर, ‘३ ला २’ देतात (दोन चिप्सवर तीन) की ‘६ ला ५’ (पाचवर सहा)? दुसरा प्रकार असेल तर वाटा जवळपास १.४ टक्क्यांनी वाढतो. दिवे तेच, हिरवं कापड तेच, किंमत मात्र कितीतरी जास्त.

आता पोकर, आणि इथे मी रेंगाळणार आहे. पोकरमध्ये तुम्ही कॅसिनोविरुद्ध खेळत नाही, समोरच्या माणसांविरुद्ध खेळता. कॅसिनो दर पॉटमधून, म्हणजे डावात सगळ्यांनी लावलेल्या चिप्सच्या ढिगातून, थोडी रक्कम घेतं, तिला रेक म्हणतात, आणि बाजूला होतं. म्हणून इथे निर्णयाला अर्थ आहे.

एक डाव जवळून पाहू. पोकरचा प्रकार टेक्सस होल्डेम, म्हणजे प्रत्येकाच्या हातात दोन पानं आणि टेबलावर सगळ्यांसाठी एकूण पाच. तुमच्या हातात बदामाची दोन पानं, टेबलावर चार पानं उघडलेली, त्यांत दोन बदाम. पाचवं पान बदाम आलं की फ्लश, म्हणजे एकाच रंगाची पाच पानं, आणि डाव तुमचा असं धरू. तुम्हाला न दिसलेली पानं ४६, त्यांत बदाम ९. शक्यता साडेएकोणीस टक्क्यांच्या जरा वर. पॉटमध्ये ६० चिप्स आहेत आणि समोरच्यानं ३० लावल्या. तुम्ही ३० घातल्या तर एकूण १२० होतील, म्हणजे पाव पॉट तुम्ही भरताय. निदान २५ टक्के शक्यता हवी, ती नाही. फोल्ड, म्हणजे पानं टाकून द्यायची. आता तीच पानं, तेच टेबल, पण समोरच्यानं ३० ऐवजी १५ लावल्या. एकूण ९० पैकी १५, म्हणजे १६.७ टक्के पुरेत. आता खुशाल कॉल करा, म्हणजे त्याच्याइतक्याच चिप्स घाला. पानं बदलली नाहीत, पण योग्य निर्णय उलटा झाला. हे पहिल्यांदा डोक्यात शिरतं तेव्हा जो आनंद होतो, त्यासाठी मी लोकांना पोकर शिकवतो.

आणि हे झालं नुसतं अंकगणित. तो १५ च का लावतोय? मघाशी पक्का हात होता तेव्हा त्यानं किती लावले होते? प्रत्यक्ष टेबलावर तासाला पंचवीस-तीस डाव होतात, आणि शहाणा खेळाडू त्यांतले बरेचसे सोडून देतो. नवख्याला तो रिकामा वेळ वाटतो. खरा खेळ तिथेच असतो. पानं टाकून दिलीत की पैशांची धाकधूक संपते आणि माणसं नीट दिसू लागतात. कोण घाईनं लावतो, कोण हरल्यावर लगेच पुढच्या डावात उडी घेतो. रागाच्या भरात वाईट खेळण्याला पोकरवाले ‘टिल्ट’ म्हणतात. दुसऱ्याचा टिल्ट ओळखायला महिने लागतात, स्वतःचा ओळखायला त्याहून जास्त.

यात कौशल्य आहे हे आता वादातीत आहे. २०१७ साली कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्रेटस या संगणक-प्रणालीनं चार नामांकित व्यावसायिकांना १,२०,००० डावांत हरवलं. नुसत्या नशिबाचा खेळ असता तर हे घडलं नसतं. पण आकडा पुन्हा ऐका, एक लाख वीस हजार डाव. तुमच्या एका संध्याकाळचे डाव शंभर. तेवढ्यात नशीब कौशल्याला सहज झाकून टाकतं. २००३ साली ख्रिस मनीमेकर हा अकाउंटंट ८६ डॉलरच्या ऑनलाइन पात्रता स्पर्धेतून वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत पोहोचला आणि २५ लाख डॉलर जिंकला. त्या गोष्टीनं जगभर लाखो लोक पोकरकडे वळले. ती मलाही आवडते. पण स्पर्धेत ८३९ जण होते, आणि बाकीच्या ८३८ जणांची गोष्ट कुणी सांगत नाही.

आता मला जे मुख्यतः सांगायचं आहे त्याकडे येतो. संभाव्यतेचं शास्त्र ज्या पत्रव्यवहारातून उभं राहिलं, तो १६५४ सालचा पास्कल आणि फर्मा या गणितज्ञांचा. त्यांच्यापुढचा प्रश्न असा होता: दोघांचा खेळ मध्येच थांबवावा लागला, तर लावलेले पैसे न्यायानं कसे वाटायचे? म्हणजे या शास्त्राच्या मुळाशीच उठण्याचा प्रश्न आहे. आणि कॅसिनोच्या आत सगळ्यात अवघड गोष्ट तीच आहे. बहुतेक ठिकाणी भिंतीवर घड्याळ नसतं, खिडकी नसते. पैशांच्या चिप्स झालेल्या असतात. खेळाला मध्यंतर नाही आणि शेवटही नाही. जिंकत असाल तर का उठावं, हरत असाल तर कसं उठावं?

माझं उत्तर असं, की उठण्याचं कारण आधीच बाहेर ठेवून यावं. रात्रीच्या जगण्यात बाकीही पुष्कळ असतं. कुठे जिवंत संगीत असतं, कुठे नाचायला मोकळी फरशी असते, कुठे मित्रांबरोबर उशिरापर्यंत चालणं आणि गप्पा. लोक आधी हे सगळं उरकतात आणि शेवटी टेबलापाशी येतात. तेव्हा दमलेले असतात, घेतलेली असते, आणि पुढे कुठे जायचं नसतं. क्रम उलटा करा. टेबल संध्याकाळच्या मधोमध ठेवा. दहा वाजताच्या मैफिलीचं तिकीट खिशात असेल आणि मित्र दारात वाट बघत असतील, तर पावणेदहाला तुम्ही उठता, जिंकत असलात तरी आणि हरत असलात तरी. ‘अजून एकच डाव’ म्हणणारं मन मित्रांच्या फोनपुढे नमतं, स्वतःच्या निश्चयापुढे नाही. ठरवलेली रक्कम रोख घेऊन आत जा, कार्ड बरोबर ठेवू नका. मद्य घ्यायचं असेल तर टेबलानंतर.

काहींना मात्र हेही पुरत नाही, आणि ते मी स्पष्ट बोललं पाहिजे. गेलेले पैसे परत मिळवण्यासाठीच पुन्हा जाणं, घरी आकडा लपवणं, उसने घेऊन खेळणं, हे सुरू झालं की तो विरंगुळा उरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात जुगाराचा विकार व्यसनाधीन वर्तनांत मोडतो. त्यावर उपचार आहेत, आणि अनेक देशांत स्वतःहून आपलं नाव कॅसिनोच्या बंदी-यादीत घालून घेण्याची सोय आहे. अशा मित्राला ‘चल, गंमत म्हणून’ असा आग्रह करू नका, कृपा करून.

सुरुवातीला एकानं चिठ्ठी पाठवली होती, की कॅसिनोत न जाता पोकर शिकायचं तर कसं? कायदा आड येत नसेल तर घरी, सहा-सात जणांत. नुसत्या चिप्सवर, पैशांशिवायही चालेल, फक्त चिप्स संपल्या की बाहेर बसायचं, म्हणजे फोल्ड करण्याला मोल राहतं. संपलेल्या चिप्स एकदाच पुन्हा मिळतील, असं आधी ठरवा. हरलेली पानं दाखवायला लाजू नका, शिकणं त्यातूनच होतं. संपण्याची वेळ सुरू होण्याआधी सांगा, आणि ती झाली की ‘शेवटची फेरी’ जाहीर करा. मग डीलरचं बटण, म्हणजे पानं वाटण्याची पाळी कुणाची हे दाखवणारी चकती, टेबलाभोवती एकदा पूर्ण फिरतं, प्रत्येकाच्या वाट्याला ब्लाइंड, म्हणजे पानं बघण्याआधी पाळीपाळीनं लावाव्या लागणाऱ्या सक्तीच्या पैजा, एकेकदाच येतात, आणि अर्ध्यात उठल्याचा ठपका कुणावर येत नाही.