खांद्यावरचा टॉवेल

नमस्कार श्रोतेहो.

सोलापूरचा टॉवेल कुठंकुठं पोचतो, हे आपल्याला कुणी सांगायला नको. हॉटेलात जातो, दवाखान्यात जातो, न्हाव्याच्या खुर्चीवर जातो. एक टॉवेल बॉक्सिंगच्या रिंगणाशीही असतो, कोपऱ्यात उभ्या असलेल्या कोचच्या खांद्यावर. राउंड संपला की पोराचं तोंड पुसायला तो लागतो. आणि पोराला मार सोसेनासा झाला की तोच टॉवेल रिंगणात टाकायचा असतो. टाकला की झालं. आमचा मुलगा हरला, आता पुरे, असा त्याचा अर्थ.

मी शाळेत पीटीचा मास्तर होतो आणि संध्याकाळी बॉक्सिंग शिकवायचो. बावीस-तेवीस वर्षं शिकवलं. कुस्तीच्या गावात बॉक्सिंग शिकवणं म्हणजे काय असतं ते विचारू नका. तालमीतले वस्ताद हसून म्हणायचे, "मास्तर, हे पोरांना मारामारी कशाला शिकवताय?" या सगळ्या वर्षांत मी टॉवेल चार-पाच वेळा टाकला असेल. ज्या वेळी टाकायला हवा होता आणि टाकला नाही, ती एकच वेळ मात्र अजून डोळ्यांपुढून जात नाही.

पोरगा सोलापूरच्या पूर्व भागातला. वडील यंत्रमागावर, टॉवेलच्याच कारखान्यात. पोराच्या तोवर चार बाऊट, म्हणजे लढती, झाल्या होत्या, त्यातल्या तीन जिंकलेल्या. बाहेरगावच्या एका स्पर्धेला आम्ही गेलो. त्याच्या वजनगटात मुलंच तीन. ड्रॉ, म्हणजे जोड्यांची सोडत, निघाला आणि समोर आला तो मुलगा वयानं त्याच गटातला, वजनालाही बरोबर. पण त्याच्या चाळीसएक बाऊट झालेल्या. टेबलावर मी विचारलं, "हे जरा जड नाही का होत?" आयोजक म्हणाले, "सर, वजन बसतंय, वय बसतंय, अजून काय पाहिजे?" मी सही केली. एवढ्या लांब एसटीनं आलोय, पोराला न खेळवता परत कसं न्यायचं, हे माझ्या मनात होतं. खोटं कशाला बोलू?

पहिल्या राउंडला एक काउंट झाला, म्हणजे मार बसल्यावर पंचांनी लढत थांबवून आठपर्यंत आकडे मोजले. दुसऱ्या राउंडला पोराचे हात खाली यायला लागले. समोरचा अंतर ठेवून, मापून मारत होता. घंटा झाली, पोरगा स्टुलावर बसला. मी त्याच्या दातांवरचं गमशील्ड काढलं, पाणी दिलं आणि विचारलं, "आता कितवा राउंड?" तो म्हणाला, "पहिला झाला की सर."

दोन झाले होते.

श्रोतेहो, तो एक मिनिटाचा विसावा असतो. त्या मिनिटात मला उत्तर मिळालं होतं. तरी मी टॉवेलानं त्याचं तोंड पुसलं, गमशील्ड परत घातलं आणि म्हणालो, "हात वर ठेव." तो म्हणाला, "थांबवू नका ओ सर." मी ते ऐकलं. खुर्च्यांवरून कुणीतरी ओरडत होतं, "हाण बे, हाण!" तेही ऐकलं. तिसऱ्या राउंडला अर्ध्या मिनिटात पंचांनीच लढत थांबवली. पोरगा आपल्या पायांनी रिंगणातून उतरला. सगळं ठीक दिसत होतं.

परतताना टेंभुर्णीला वडापाव खाल्ला. मोहोळ सोडलं आणि त्यानं खिडकीबाहेर तोंड काढून उलटी केली. मी वडापावाला शिव्या दिल्या. सोलापूरच्या स्टँडवर उतरलो तेव्हा तो बॅग विसरून चालायला लागला, आणि मग माझ्या पोटात गोळा आला. तिथून थेट दवाखाना. सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या आवरणाखाली रक्ताची पातळ रेघ दिसली. ऑपरेशन लागलं नाही, आठ दिवस ठेवून घेतलं, पोरगा सुखरूप घरी आला. पुन्हा ग्लोव्ह्ज मात्र घातले नाहीत.

वडील मागावरून तसेच आले होते, केसांत कापसाचे तंतू. ते चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "सर, तुम्ही होता ना तिथं?"

त्या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधतो आहे. आजचं बोलणं त्यातूनच आलं.

बॉक्सिंगमध्ये डोक्याला इजा होते म्हणजे काय होतं, ते आधी थोडक्यात सांगतो. मेंदू कवटीत घट्ट बसवलेला नसतो, तो द्रवात असतो. ठोसा बाजूनं बसला की डोकं झटक्यानं फिरतं आणि मेंदू मागं राहतो. मेंदूकडून आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा या ओढाताणीत तुटतात. रक्त हळूहळू साचतं. म्हणून काही वेळा माणूस चालतो, बोलतो, वडापाव खातो आणि तासा-दोन तासांनी कोसळतो. हेडगार्ड घातलं की डोकं वाचलं, असं पालकांना वाटतं. हेडगार्डनं भुवई फुटायची वाचते, मेंदूचा हिसका वाचत नाही. मोठ्या पुरुषांच्या हौशी बॉक्सिंगमधून २०१३ साली हेडगार्ड काढूनच टाकलं. ग्लोव्ह्जचंही तसंच. त्यानं मारणाऱ्याच्या हाताची हाडं वाचतात, आणि हाडं वाचली की तो आणखी जोरात मारू शकतो.

तर मग पोराला वाचवायचं कुणी?

जत्रेतला कुस्तीचा फड आठवा. सकाळी रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग नारळाच्या, मग इनामाच्या. हलगी वाजत असते आणि पंच दोन पोरांचे हात धरून फडात फिरवतात. याला म्हणतात जोड लावणं. कडेला बसलेला एखादा म्हातारा पैलवान मान हलवतो, "नाही बसत हे जोड. हा दोन वर्षं कोल्हापूरला राहून आलाय, ते पोरगं काल लंगोट बांधायला लागलंय." जोड मोडतं. कुणाला राग येत नाही, पोराच्या बापालाही नाही. वजनकाटा नाही, कागद नाही. पण मांडीचा पट, मानेची जाडी आणि तालमीतली वर्षं, या तीन गोष्टी नजरेनं तोललेल्या असतात. आमच्या टेबलावर वजनकाटा होता आणि नजर नव्हती. एकतर्फी लढत रिंगणात सुरू होत नाही, ती टेबलावर लागते.

मॅटवरच्या कुस्तीत तर नियमच आहे. फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती संपते, ग्रीको-रोमनमध्ये आठ गुणांची. पुढं रेटायचं कारणच उरत नाही. हौशी बॉक्सिंगमध्येही एकेकाळी गुणांचं अंतर ठरावीक आकड्यावर गेलं की लढत थांबवायचे. पुढं ते कलम गेलं. आता जे काही आहे ते माणसांच्या डोळ्यांवर आहे, पंचाच्या, डॉक्टरच्या आणि कोपऱ्यातल्या माणसाच्या.

त्यातला पंच शेवटचा. लोक पंचावर सगळं टाकून मोकळे होतात, मला ते पटत नाही. पंच त्या पोराला त्या दिवशी पहिल्यांदा बघतो. पोरगा एरवी कसा उभा राहतो, थकल्यावर कुठला पाय ओढतो, हे त्याला काय माहीत? ते मला माहीत असतं.

२ ऑक्टोबर १९८० ची लास व्हेगासमधली लढत बघा. मुहम्मद अली ३८ वर्षांचा, समोर लॅरी होम्स, एकेकाळी अलीलाच सराव देणारा. एकही राउंड अलीनं जिंकला नाही, तिन्ही परीक्षकांच्या कागदावर सगळे राउंड होम्सचे. मारता मारता होम्स स्वतः पंचाकडे बघत होता, थांबवा म्हणून. मारणाऱ्याला कळत होतं! दहाव्या राउंडनंतर कोच अँजेलो डंडी यानं लढत थांबवली. कोपऱ्यातलाच दुसरा माणूस, बंडिनी ब्राऊन, त्याला ओढत होता, अजून एक राउंड म्हणून. डंडीनं त्याला झटकलं. कोपऱ्याचा मुख्य माणूस मी आहे, असं त्यानं ठणकावलं. डंडीनं चांगलं केलं की उशीर केला? मी दोन्ही म्हणतो. आणि त्याच्याही आधीची गोष्ट आहे. अलीचा डॉक्टर फर्डी पाचेको यानं १९७७ मध्ये अलीच्या मूत्रपिंडांचे तपासणी अहवाल पत्रासोबत पाठवून थांबा असं सांगितलं होतं. पत्राला उत्तर आलं नाही, डॉक्टर बाजूला झाला. म्हणजे टॉवेल १९७७ सालीच पडला होता. कुणी उचलून बघितला नाही एवढंच.

त्या लढतीचा पंच होता रिचर्ड ग्रीन. दोन वर्षांनी, नोव्हेंबर १९८२ मध्ये, अमेरिकेचा मॅन्सिनी आणि कोरियाचा किम डुक-कू यांच्या लढतीतही तोच पंच होता. किम चौदाव्या राउंडला पडला आणि काही दिवसांत गेला. त्यानंतर वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिल या व्यावसायिक बॉक्सिंगच्या संघटनेनं जेतेपदाच्या लढती पंधरा राउंडांवरून बारावर आणल्या. पुढच्या वर्षी ग्रीनही गेला, त्यानं स्वतःचं आयुष्य संपवलं. त्याच्या मनात काय होतं ते आपण ठरवू नये. पण सगळं ओझं एका पंचाच्या डोक्यावर ठेवण्याची आपली सवय मला तेव्हापासून भिववते.

आणि वेळेवर थांबवूनही उशीर झालेला असू शकतो. २०१९ मध्ये अमेरिकेत मॅक्सिम दादाशेव हा रशियन खेळाडू लढत होता. अकराव्या राउंडनंतर कोच बडी मॅकगर्ट त्याच्यापुढं अक्षरशः गयावया करत होता, मी थांबवतोय, तुला फार लागतंय. दादाशेव मान हलवत होता, नाही नाही. मॅकगर्टनं शेवटी त्याला न जुमानता पंचाला सांगितलं. चार दिवसांनी दादाशेव वारला. त्याची ती हलणारी मान बघितली की मला माझ्या पोराचं "थांबवू नका ओ सर" आठवतं. खेळाडू कधीच पुरे म्हणणार नाही. पुरे न म्हणणं हेच तर आपण त्याला शिकवलेलं असतं.

आता कायद्याचं. २१ सप्टेंबर १९९१ ला लंडनमध्ये मायकेल वॉटसन हा खेळाडू ख्रिस युबँकशी लढताना कोसळला. रिंगणाशी डॉक्टर होते, पण श्वास सुरू ठेवण्याची तातडीची सोय तिथल्या तिथं नव्हती. ज्या रुग्णालयात आधी नेलं तिथं मेंदूची शस्त्रक्रिया होत नव्हती, पुन्हा हलवावं लागलं. वॉटसन चाळीस दिवस बेशुद्ध होता. त्यानं ब्रिटनच्या बॉक्सिंग मंडळावर दावा लावला आणि जिंकला; डिसेंबर २००० मध्ये वरच्या न्यायालयानंही निकाल कायम ठेवला. नियम तुम्ही करता, परवानगी तुम्ही देता, तर खेळाडू पडल्यावर त्याच्या उपचाराची सोय बघणंही तुमच्याच अंगावर येतं, असं न्यायालय म्हणालं. हाच वॉटसन २००३ साली लंडन मॅरेथॉन चालत पुरी करायला उतरला. सहा दिवस लागले त्याला. चालला मात्र सगळा.

आपल्याकडे मंडपाला पैसे असतात, ट्रॉफ्यांना असतात, पाहुण्यांच्या शाली-नारळाला तर असतातच. अॅम्ब्युलन्सचं नाव काढलं की म्हणतात, "फोन केला की येते की." येते. पण कवटीच्या आत रक्त साचत असताना ती चौकातल्या ट्रॅफिकमध्ये उभी असते.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल मास्तर घाबरट झाला. त्या प्रसंगानंतर एकदा मी टॉवेल फार लवकर टाकला. पोरगा मागं होता, पण डोळे साफ होते, पाय हलत होते. तो कदाचित फिरलाही असता. महिनाभर तो माझ्याशी बोलला नाही. सरावाला यायचा, बॅग मारायचा आणि मान खाली घालून जायचा. त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. वर्षभर पहाटे उठलेला पोरगा तो. पण तो रुसू शकत होता, हे मला पुरेसं होतं.

या दिवसांत शाळा-शाळांच्या स्पर्धा असतात. तुमचं लेकरू रिंगणात उतरणार असेल, तर टेबलापाशी जाऊन विचारा, समोरच्या मुलाच्या किती बाऊट झाल्यात. कोच काय म्हणेल, लोक काय म्हणतील, ते बघू नका. आईनं विचारलं तरी चालतं, उलट आईनंच विचारावं. डॉक्टर कुठं बसलेत ते बघा, आणि ते बाऊटकडे बघतायत की मोबाईलमध्ये, तेही बघा. मार खाऊन लढत थांबवली गेली असेल, तर पोराला किमान महिनाभर ग्लोव्ह्ज घालू देऊ नका, त्यानं कितीही हट्ट केला तरी. पहिली इजा भरायच्या आत दुसरी बसली, तर ती फार महागात पडते.

आणि त्या रात्री त्याच्याजवळ झोपा. डोकं वाढत्या कळेनं दुखत असेल, उलटी झाली, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत असेल, एका डोळ्यातली बाहुली दुसऱ्यापेक्षा मोठी दिसली, उठवूनही नीट जागा होत नसेल, तर सकाळची वाट बघू नका, आणि वडापावाला दोष देत बसू नका. १०८ ला फोन लावा, आणि जिथं सीटी स्कॅन आहे तिथंच न्या.

नमस्कार.